वेदीच्या कापडाची मोकळी कड

मुंबईच्या कोटात एक जुनं पांढरं चर्च आहे. पुढे ग्रीक धाटणीचे जाडजूड खांब, वर उंच मनोरा. आत वेदीवर शुभ्र कापड अंथरलेलं असतं, पण त्याची एक कड कधीच शिवलेली नसते. धागे लोंबत असतात. पाहुणे गालातल्या गालात हसतात. मग चर्चची देखरेख करणाऱ्या रेमेतबाई त्यांना बाकावर बसवतात आणि चांगो शिडवाल्याची हकिगत सांगतात.

तेव्हा समुद्र चर्चपासून हाकेच्या अंतरावर होता, असं सांगतात. कोळीवाड्यातला चांगो होड्यांची शिडं शिवायचा. पाय अधू, त्यामुळे जन्मात कधी दर्यावर गेला नाही. पण त्याचा टाका वाऱ्याच्या बापालाही उसवत नसे. एकुलता एक पोरगा हशा मात्र पक्का दर्यावर्दी.

नारळी पुनवेनंतर हशा पहिल्या खेपेला गेला आणि इकडे कुणी बडा साहेब वारला. दुखवटा म्हणून अख्खा मनोरा काळ्या कापडाने झाकायचं ठरलं. एवढं कापड शिवणार कोण? चांगोला बोलावणं आलं. आपलं काम शहराच्या माथ्यावर झळकणार म्हणून स्वारी खुशीत होती. मनोऱ्याच्या सज्ज्यात बसून त्याने दुहेरी टाक्याने कापड आवळून शिवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने दर्या धुरकटला आणि किनाऱ्यावरच्या बायका आकांत करू लागल्या. पांढऱ्या मनोऱ्यावर नजर ठेवूनच होड्या खडक चुकवत आत यायच्या. शिवताना चांगोच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. तसाच लंगडत तो चर्चकडे धावला.

"माजा पोर दर्यान हाय, ता कापर कारा," म्हणत कापड काढण्यासाठी तो मनोऱ्याखालच्या पहारेकऱ्याच्या पाया पडला. दुखवटा संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम होता. चांगो त्याला ढकलून अधू पायाने जिना चढला. पण टाके त्याचेच, ते उसवेनात. सुरी मोडली, मग नखं, मग दात. वीतभर पांढरं उघडं पडलं तोवर सांज झाली होती. बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. हशाची आली नाही.

चांगोही खाली उतरला नाही. शोधायला वर गेलेल्यांना उसवलेली कड तेवढी दिसली, म्हणे.

तेव्हापासून इथे काळं कापड येत नाही; मयतालाही माणसं पांढऱ्यात येतात. आणि वेदीच्या कापडाची एक कड मोकळी ठेवतात, वेळ आली तर कापड एका ओढीत फाटावं म्हणून. एका नव्या पाद्रीने हट्टाने ती शिवून घेतली होती. सकाळी टाके उसवलेले, धाग्यांवर मीठ आणि दातांच्या खुणा. त्यानंतर त्याने शिवणाचं नाव काढलं नाही.

आजही पावसाळी संध्याकाळी मनोऱ्यातून जाड कापड ओरबाडल्याचा आवाज येतो. भराव पडत पडत समुद्र लांब गेला, मधे इमारती उठल्या. दर्यावरून मनोरा आता दिसतही नाही. तरी दरवर्षी पुनवेआधी त्याला चुना देतात. आता कुणासाठी, असं एखादा पाहुणा विचारतोच. रेमेतबाई वेदीवरचे लोंबते धागे हलकेच सारखे करतात.

"हशा अजून येवाचा हाय," त्या म्हणतात.