तांबू आणि टेकडीपलीकडचा बार

खूप पूर्वी, बंदुका ठासून भराव्या लागत त्या काळी, तळ्यांचं एक राज्य होतं. थंडी पडली की तिथल्या तळ्यांवर रानबदकं उतरत, आणि राजा शिकारीला निघे. पाण्यात पडलेलं बदक शोधून आणायला कुत्रे लागत. बंदुकीच्या बाराच्या आवाजाने बिथरणारा कुत्रा मात्र काही कामाचा नसे.

म्हणून तिथे एक रीत होती. दसऱ्याला सगळे तरणे कुत्रे तळ्याच्या बांधावर आणायचे आणि त्यांच्या डोक्यावरून बार काढायचा. उभा राहील तो राजाचा. पळेल त्याला सीमेपार हाकलून द्यायचं. या रिवाजाचा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

राजाच्या शिकाऱ्याला तर जरा जास्तच. त्याची लाडकी कुत्री एक पिल्लू मागे ठेवून गेली होती. तांबूस रंगाचं, म्हणून त्याचं नाव तांबू. शिकाऱ्याचा त्याच्यावर फार जीव. दसऱ्याला आपलाच कुत्रा उठून दिसावा, म्हणून या गृहस्थाने पावसाळ्यातच घरच्या अंगणात तांबूच्या डोक्यावरून धडाड्‌दिशी बार काढला.

तांबू जो पळाला, तो करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. अंगभर काटे घेऊन घरी आला खरा, पण त्यानंतर भांड्यावरचं झाकण पडलं तरी थरथर कापे. आणि शिकारी दिसला की माजघरात पळे.

"अहो, पोहायला शिकवताना पोराला कुणी भर पुरात ढकलतं का?" बायकोने विचारलं. तिची जीभ तिखट होती, आणि या खेपेला ती खरंही बोलत होती. शिकारी मान खाली घालून उभा राहिला.

मग दोघांनी मिळून एक वेगळीच शाळा काढली. बंदूक घेऊन बायको टेकडीपलीकडे जाई. छर्रे न घालता, चिमूटभर दारूचा हलका बार काढी. शिकारी इकडे अंगणात बसून तांबूला दूधभाकरी भरवी. आवाज ऐकून तांबूचं तोंड थांबलं, की शिकारी पंचा हलवी, आणि टेकडीच्या माथ्यावर येऊन खूण पाहणारी बायको आणखी लांब जाई. तांबू निवांत खात राहिला, तरच दुसऱ्या दिवशी ती थोडी अलीकडे येई.

गावाला करमणूकच झाली. "बायको बंदूक चालवते आणि नवरा भाकरी भरवतो!" लोक हसत. शिकाऱ्याचे कान लाल होत, पण हातातला घास खाली जात नसे. मला तर त्या हाताचं फार कौतुक वाटतं. उडतं पाखरू टिपणारा तो हात आता घाबरलेल्या कुत्र्यापुढे स्थिर राहायला शिकत होता.

दसरा आला तेव्हा बार टेकडीच्या निम्म्यावर पोचला होता. तळ्याच्या बांधावर भरलेल्या दरबारात शिकारी एकटाच गेला.

"तुझा कुत्रा कुठे आहे?" राजाने विचारलं.

"अजून तयार नाही, महाराज."

"मग रिवाजाप्रमाणे त्याला सीमेपार घालव."

"तर मलाही त्याच्यासोबत घालवा, महाराज. तो भित्रा नव्हता. मी त्याला भित्रा केला."

राजा रागावला, पण शिकारी त्याचा जुना माणूस होता. "बदकं उतरेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्या दिवशी पळाला, तर दोघंही राज्याबाहेर."

थंडी येईपर्यंत बार रोज थोडा अलीकडे येत अंगणापर्यंत पोचला, आणि मग बदकं उतरली. राजाने स्वतः बंदूक घेतली. तांबूचा पट्टा धरून ठेवावा असं शिकाऱ्याला फार वाटलं, पण त्याने हात मागे बांधले. बांधाच्या कडेला बायको पदराचं टोक चावत उभी होती.

बार झाला. शेजारचे दोन घोडे उधळले. तांबूने फक्त कान टवकारले आणि वर पाहिलं. बदक कुठे पडलं ते डोळ्यांनी टिपलं आणि तो शिकाऱ्याच्या तोंडाकडे पाहत थांबला.

"जा बाळा," शिकारी म्हणाला.

तांबू गार पाण्यात शिरला, त्याने बदक अलगद धरून आणलं आणि राजाला, सरदारांना, सगळ्यांना ओलांडून शिकाऱ्याच्या ओंजळीत ठेवलं.

राजा हळूच म्हणाला, "असे किती कुत्रे आपण सीमेपार घालवले असतील रे?"

तो रिवाज त्याच दिवशी बंद झाला. शिकारी आणि त्याची बायको राजाच्या हुकमाने सीमेवर गेली, आणि त्या घालवलेल्या कुत्र्यांना त्यांच्या जुन्या नावांनी हाका मारत रानोमाळ हिंडली. थोडे परत आले. बाकीचे झाडांआडून नुसते बघत राहिले. माणसाजवळ यायची त्यांची हिंमत कायमची गेली होती.

तात्पर्य : भीती धाकाने घालवता येत नाही; धीर धरून, झेपेल तेवढंच पुढ्यात ठेवत गेलं, की ती आपण होऊन जाते.