भिवरेचा नेम

एका राज्यात राजाच्या कमरेखाली दगड होता आणि कमरेवर राजा होता. सिंहासनावरून त्याला उठता येत नसे. न्यायनिवाडा मात्र रोज होत असे, कारण तोंड अजून शाबूत होतं.

हे झालं कसं, ते आधी सांगते. राजा रणधवल शिकारीला गेला. वनातल्या तळ्यावर एक हरिणी पाणी पीत होती. पाणी पिणाऱ्या जिवावर शस्त्र धरू नये, हे शेंबडं पोरही सांगेल, पण राजाला कोण सांगणार? त्याने बाण सोडला, हरिणी कोसळली. ती हरिणी मांत्रिक काळकंठाने लेकीसारखी वाढवलेली. मांत्रिक तळ्यातून वर आला, अंगाला पाण्याचा थेंब नाही, आणि म्हणाला, "राजा, तू अर्धा दगड होशील. तुझी माणसं पुरती होतील. या वनात रुपेरी शिंगांचा काळवीट फिरेल. ज्याचा नेम चुकत नाही, त्याच्यापुढे तो मान खाली घालील, त्या दिवशी शाप फिटेल. वर्षात फिटला नाही, तर दगडांची वाळू होईल."

त्या पुरत्या दगड झालेल्या माणसांत भिवरेचा नवरा होता. जात बुरुडाची, काम टोपल्या विणायचं, पण त्या दिवशी हाकारे घालायला म्हणून गेला तो तिथेच उभा राहिला, तोंडाशी हात धरून, ओरडायच्या बेतात. भिवरा महिन्यातून एकदा जाई आणि त्याच्या खांद्यावरचं शेवाळ पुसून येई.

राज्यातले नामांकित तिरंदाज एकामागून एक गेले. बेडकाचा डोळा फोडणारे, वाऱ्यावरचं पीस टिपणारे. सगळे हात हलवत परत आले. वर्ष संपायला सात दिवस उरले, तेव्हा भिवरेने विळा खाली ठेवला आणि ती म्हणाली, "मीच जाते."

हे ऐकलं कोणी, तर साळुंकीने. भिवरा रोज सकाळी, स्वतःच्या तोंडात घास घालण्याआधी, पाखरांसाठी परळात पाणी ठेवी. सोळा वर्षं, एक दिवस खाडा नाही. म्हणून साळुंकीचा त्या घरात जीव होता आणि चोचही होती. त्या राज्यात पाखरं बोलत, त्यात नवल नाही. ही जरा जास्त बोले.

"धनुष्य आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"बाण? जोडे?"

"नाही गं."

"मग काय सूप घेऊन मारणार आहेस हरणाला? चल, मी येते. तुला कोणीही फसवील."

वनाच्या तोंडाशी शिकारीच्या सामानाचं एकच दुकान होतं, आणि दुकानदार होता खुद्द काळकंठ. शाप त्याचा, सामानही त्याचं. तिथे मोहरा चालत नसत.

काळकंठाने सोन्याचं धनुष्य पुढे ठेवलं. "हे आपणहून ताणतं. किंमत तुझं हसू."

"घेतलं का कोणी?" साळुंकीने विचारलं. तिला राहवतच नाही.

"सेनापतीने घेतलं. तेव्हापासून हसला नाही."

भिवरेने धनुष्य हातात घेतलं, उजेडाला धरलं, परत ठेवलं. "आमचे हे उठले की पहिल्यांदा काहीतरी वाकडं बोलणार. मी मग हसू कशाने? नाही परवडत, बाबा. ते कोपऱ्यातलं केवढ्याला?"

कोपऱ्यात अडगळीत एक बांबूचं धनुष्य होतं. साळुंकी त्यावर जाऊन बसली. "तीनदा ओढ. तिसऱ्यांदा हात थरथरला, तर ते तुझं नव्हे." तिसऱ्यांदाही हात थरथरला नाही. बांबू ओळखीचा, त्याला काय घाबरायचं? त्याच्या बदल्यात काळकंठाला एक टोपली विणून मिळाली.

मग त्याने हिऱ्याच्या टोकांचे बाण काढले. "हे सावज शोधत जातात. किंमत तुझ्या नवऱ्याचं नाव. नाहीतरी तू ते उच्चारत नाहीस. तुझं काय जातं?"

"उच्चारत नाही ते माझ्यापाशी आहे म्हणून," भिवरा म्हणाली. "गेल्यावर काय उच्चारायचं नाही?"

काळकंठाने हिऱ्याचे बाण उचलून ठेवले. मग अडगळीतले तीन बोरूचे बाण त्याने तिच्यापुढे टाकले. "मग नाव घेऊन दाखव. उखाण्यात. तेवढ्यावर घेऊन जा."

भिवरेने पदर सावरला. जमिनीवर एकेक बाण लोळवून पाहिला, कुठे अडखळत नाही ना याची खात्री केली, आणि मगच म्हणाली,

"वेळूच्या पेरावर पेर सरळ लागे,
जिवाजीरावांसाठी निघाले हरणामागे."

शेवटी त्याने जोडे दाखवले. घालून चाललं तर सुकलेलं पानही वाजत नसे. भिवरेचे पाय भेगाळलेले, वन काट्यांचं. किंमत विचारण्याआधीच तिने हात पुढे केला.

"किंमत रोज सकाळचं ते परळभर पाणी," काळकंठ म्हणाला. "उद्यापासून ठेवायचं नाही. फुकटच समज."

हात मागे आला. "माझ्या पायांनी मागितलेत, बाबा, मी नाही," ती म्हणाली आणि तिने तळव्यांना चिंध्या गुंडाळल्या. साळुंकी उडून तिच्या खांद्यावर बसली. असं क्वचितच होई.

बाहेर आल्यावर साळुंकीने तिला शिकवलं. राखेची पुरचुंडी जवळ ठेव, चिमूटभर उडव, राख जाईल तिकडे तुझा वास जाईल. तरीही पहिल्या खेपेला भिवरा राख उडवायची विसरली. काळवीट वासाने पळाला, बाण वारुळात गेला. दुसऱ्या खेपेला राख उडवली, पण पायात काटा मोडला आणि बाण गेला आभाळाकडे. असे सहा दिवस सरले; परळ नसला तरी सकाळचं पाणी मात्र चुकलं नाही.

सातव्या दिवशी उजाडलं तेव्हा ती तळ्याकाठी होती. पलीकडे दगड उभे, त्यांत जिवाजी. त्याच्या पायाशी वाळू सुटू लागली होती. आणि वीस पावलांवर काळवीट, शिंगं चांदीची, बाजू पुरती उघडी. नवशिक्यालाही चुकवता येऊ नये असा. भिवरेने शेवटचा बाण लावला.

वर कोवळं ऊन आलं, तशी दोरी सैल झाली.

"काय झालं?" साळुंकी कुजबुजली.

"पाण्याची वेळ झाली."

"माझं पाणी राहू दे आज. मी चोच बुडवीन तळ्यात. बाण सोड, भिवरे. जिवाजीचे पाय बघ."

तिने पाहिले. घोट्यापर्यंत वाळू झाली होती. "एक दिवस राहिलं तर मग नेम कसला?" ती म्हणाली. "आणि तो पाण्यावर आलाय, साळुंके. असाच बाण सुटला होता म्हणून तर ते तिथे उभे आहेत."

तिने धनुष्य खाली ठेवलं. पळसाची पानं जोडून द्रोण केला, तळ्यात बुडवला, काठावर ठेवला आणि चार पावलं मागे सरली.  

काळवीट आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि द्रोणातलं पाणी प्यायला.

शिंगं गळून गवतात पडली. काळकंठ शेजारी उभा होता, कधी आला कळलं नाही. त्याचे डोळे ओले होते. "वर्षभर माणसं आली," तो म्हणाला. "नेम म्हणजे काय, ते प्रत्येकाने धनुष्याला विचारलं." त्याने हरणाच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघे तळ्यात उतरले. पाणी हललं नाही.

राजवाड्यात राजा उठला, वर्षभराने म्हणून धडपडला. सेनापती ते पाहून हसला, आणि हसू परत आलं म्हणून राजाने त्याला काही म्हटलं नाही. तळ्यावर शस्त्र न्यायचं नाही, अशी दवंडी त्याच दिवशी पिटली गेली.

पलीकडे जिवाजीने वर्षापूर्वी घेतलेला श्वास सोडला, आणि राहिलेला हाकारा वनभर घुमला. मग त्याने बायको पाहिली, पायाच्या चिंध्या पाहिल्या, खांद्यावरचं धनुष्य पाहिलं.

"हे काय गं? केवढ्याला फसवलं तुला?"

भिवरा हसली. खाली बसून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. साळुंकी द्रोणाच्या काठावर येऊन बसली आणि उरलेलं पाणी प्यायली.

तिचं पाणी चुकलं नाही, तसं कोणाचंच न चुको.