बांधाची ठेंगणी बाजू

एका गावात, अगदी गावाच्या डोक्यावर, एक तलाव होता. त्याचा मातीचा बांध सोनबा राखायचा. दर अक्षयतृतीयेला प्रत्येक घरातून एक पाटी माती बांधावर पडायची. फक्त पूर्वेच्या टोकाला, जिथे खाली नुसता खडकाळ ओढा होता, तिथे सोनबा कुणाला माती टाकू देत नसे, म्हणून ती बाजू ठेंगणी राहिली होती. लोक म्हणत, म्हातारा आळशी आहे.

मरताना त्याने हे काम सुनेवर, हौसावर सोपवलं. म्हणाला, "पोरी, बांध फुटू द्यायचा न्हाई. आन् येळ आली की तूच फोडायचा."

"मामंजी, ह्यातलं खरं कंचं?"

"दोन्ही," सोनबा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

हौसाचं डोकं चालेना. तिने पाटलाला विचारलं. तो म्हणाला, "पहिलं धर. दुसरं वातात बरळला असंल." हौसाला हायसं वाटलं. एकच गोष्ट धरून चालणं सोपं, आणि सोपं कुणाला नको असतं? पुढच्या अक्षयतृतीयेला तिने ती ठेंगणी बाजूही भरून घेतली. बांध सगळीकडून सारखा झाला. गाव खूश झालं.

भाद्रपदात आठ दिवस झड लागली. पाणी काठोकाठ आलं. बरोबर गावाच्या वर बांध झिरपू लागला. खाली चाळीस घरं होती. एका घरात तिची दोन लेकरं होती. हौसा कुदळ घेऊन बांधावर उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं. जो राखायचा, त्यावरच घाव घालायचा? आणि नाही घातला तर?

मग ती पूर्वेच्या टोकाकडे धावली आणि आपणच टाकलेली माती उकरू लागली.

"अगं, बांध फोडतीस?" पाटील ओरडला.

"फोडतीय बी आन् राखतीय बी," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

पाणी ओढ्याला लागलं. बांध टिकला, गाव वाचलं.

म्हातारपणी हौसाने बांध पुतण्याकडे, महिपतीकडे द्यायचं ठरवलं. ठेंगणी बाजू दाखवली आणि सासऱ्याचे तेच दोन बोल सांगितले.

महिपती डोकं खाजवत म्हणाला, "काकी, म्हंजी नेमकं करू काय?"

"गोंधळलास?"

"व्हय."

"मग बांध तुझ्या हाती द्यायला हरकत न्हाई."

तात्पर्य: दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गोंधळ नको म्हणून घाईने त्यातली एक टाकून देणारा दुसरीलाही मुकतो.