कडेचा अरुंद गाळा

मंडळी, मंडपात शिरण्याआधी खांबांची ही ओळ इथूनच बघून घ्या. बारा खांब. मधले गाळे सारखे, पालखी जाईल एवढे. दोन्ही टोकांचे मात्र जेमतेम एका माणसापुरते. परवाच एक साहेब टेप लावून म्हणाले, मिस्त्री चुकला. चुकला नाही हो.

फार पूर्वी बंदरावर एक यवन, म्हणजे ग्रीक, पाथरवट उतरला होता, असं सांगतात. नाव थिओन, गावाच्या तोंडी थेवजी झालं. इथल्या राजानं त्याला मंडपाच्या कामावर ठेवलं आणि देवापुढे शब्द दिला, "मंडप पुरा झाला की तू मोकळा." समुद्रापलीकडे थेवजीची लहानगी लेक होती.

चार खांब उभे राहिले. राजा म्हणाला, "झकास! दोन्हीकडे एकेक वाढव, गाळे असेच ठेव." सहा झाले, आठ झाले, दहा झाले, तरी तेच. राजा मोठा लबाड. जेवायला पंचपक्वान्नं, अंगावर शेला आणि वेशीवर पहारा! सारख्या अंतराची ओळ कुठवरही वाढवता येते, तिथंच थेवजी अडकला. स्वतःच्या हातच्या खांबांचा त्याला वीट आला. अकरा वर्षं गेली, म्हणे. एके सकाळी लेकीचा चेहरा आठवेना, तेव्हा तो छिन्नी टाकून ढसाढसा रडला.

रडता रडताच त्याला आपल्या मुलखाची रीत आठवली. तिकडे टोकाचा खांब आत ओढून घेतात, म्हणजे ओळ तिथंच बंद होते, पुढं वाढत नाही. शेवटचे दोन खांब त्यानं तसेच बसवले.

राजा आला, म्हणाला, "आणखी दोन." थेवजीनं टोकाच्या खांबापुढं एक लाकडी खांब उभा करून दाखवला. सहावं बोट फुटावं तसा तो दिसला. जमलेल्या गावातून भागाई कुंभारीण म्हणाली, "महाराज, मंडप पुरा झालाय." राजाचा देवापुढचा शब्द होता, मोडता येईना.

"मग चार दिवस पाहुणा म्हणून तरी राहा," तो म्हणाला. थेवजी त्या अरुंद गाळ्यातून अंग चोरून बाहेर पडला आणि बंदराकडे चालू लागला. लेक भेटली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

आजही गाव सोडून लांब जाणारा याच गाळ्यातून निघतो, आणि त्याला 'राहा' म्हणायचं नाही, आईनंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात आमची लेक इथूनच निघाली. कारभारीण खांबाला धरून उभी होती, पदर तोंडात कोंबून.