उताणा पैलवान

"म्हणजे मी माझ्या पोराला हातच लावायचा न्हाई? बाप हाय मी त्याचा, वस्ताद!"

कासम वस्ताद आखाड्याच्या कडेला माती चाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाप हाईस म्हणूनच सांगतोय."

धोंडिराम खराडे म्हणजे पंचक्रोशीच्या मैदानात कधी पाठीला माती न लागलेला गडी. पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. खोटं आहे. याच्या गुडघ्यातही नव्हती.

त्याचं पोरगं सुजित, सात वर्षांचं. जन्मापासून पाय ताठ, डाव्या हाताची मूठ मिटलेली, तोंडात शब्द नाही. आईखेरीज कुणाचा हात लागला की चटका बसल्यासारखं अंग आखडून घ्यायचं.

वस्तादांच्या तालमीत आता कुस्त्या होत नव्हत्या. जवान पोरं जिममध्ये जातात आणि आरशात बघून दंड फुगवतात. रिकाम्या तालमीत म्हातारा असली पोरं खेळवायचा. शहरातनं एक डॉक्टरबाई यायची, तिनं सगळं दाखवून ठेवलं होतं. दोराला झोळी बांधून झुलवा. भिजवलेल्या कणकेत बोटं घालू द्या. माती चिवडू द्या. पण जबरदस्ती करू नका, पोरगं आपणहून करील तेवढंच त्याचं.

धोंडिरामला हे बायकी वाटलं.

थकलेला पैलवान लाल मातीत अंग पुरून घेतो आणि उठतो तेव्हा घोड्यासारखा ताजा असतो, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. मग काय! गेल्या महिन्यात वस्ताद गावाला गेलेले बघून यानं पोराला उचललं, आखाड्यात खड्डा केला आणि कमरेपर्यंत पुरलं. ताक, तेल, हळद जिरलेली माती. पायात जीव येईल म्हणून.

पोरगं ओरडलं. ओरडता ओरडता त्याचा आवाज बसला.

याला वाटलं, गुण आला.

तेव्हापासून पोरगं जमिनीला पाय टेकवेना. बापाच्या हातचा घास घेईना. बापाच्या चपलेचा आवाज आला की चड्डी ओली करायचं.

बायको शालन भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अजून एकदा पोरगं तुमच्या हातानं ओरडलं, की मी त्याला घेऊन माहेरी जाणार. न्यायला येऊ नका."

ती आत्ता तालमीच्या उंबऱ्यावर बसली होती. पोरगं मांडीवर.

"मग करू काय मी?" धोंडिराम म्हणाला.

"उताणा पड."

"...कुठं?"

"आखाड्यात. पाठ टेकव."

धोंडिराम हसला. वस्ताद हसले नाहीत.

"वस्ताद, ही पाठ आजवर कुणी..."

"ठाऊक हाय. मीच तयार केलीय ती. पड."

"आणि पडून करू काय?"

"काय न्हाई."

"म्हणजे?"

"लेका, तुला धोबीपछाड शिकवायला मला एक पावसाळा लागला. हे त्याच्यापेक्षा अवघड हाय. पड गप."

त्यानं शालनकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

तो पडला.

माती गार होती. पाठीला लागली तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. वर तुळई दिसत होती. तुळईला चिमण्यांचं घरटं होतं.

वस्तादांनी शालनला खूण केली. तिनं पोराला आखाड्याच्या काठावर पोत्यावर बसवलं आणि मागं सरकली.

बराच वेळ काही झालं नाही...

"वस्ताद, काय करतंय ते?"

"वर बघ."

"घाबरलंय का?"

"तुझं तू बघ. वर."

पोतं घासल्याचा आवाज आला. मग थांबला. मग परत आला.

धोंडिरामच्या छातीत ढोल वाजायला लागला. एवढा कुठल्या मैदानात वाजला नव्हता.

"हात घातलाय मातीत," वस्ताद हळूच म्हणाले.

"कुठला?"

"डावा."

"डावा? त्याची मूठ तर उघडत न्हाई!"

"उघडलीय."

शालननं पदर तोंडात धरला.

माती चिवडल्याचा आवाज येत राहिला. जवळ आला. धोंडिरामला पोराचा श्वास ऐकू आला. नाकात शेंबूड साठलेला, घरघरता श्वास. महिनाभर एवढ्या जवळनं ऐकला नव्हता. त्यानं दात आवळले. तुळईकडं बघत राहिला. घरटं धूसर झालं.

मग त्याच्या खांद्यावर काहीतरी टेकलं.

पाच बोटं. मातीनं भरलेली, गार, थरथरती...

आणि उभ्या आयुष्यात खांद्यावर आलेला हात त्यानं कधी सोडला नव्हता.

त्याचा पंजा आपोआप वर गेला आणि मनगट पकडलं. अंग कुशीवर वळलं, गुडघा रोवला गेला. क्षणात धोंडिराम वर होता आणि पोरगं खाली.

पोरगं ओरडलं.

त्यानं हात झटकून सोडला. सोडलेला हात परत मिटला. मूठ दगडासारखी घट्ट झाली.

शालन धावत आली. पोराला छातीशी धरलं. नवऱ्याला शिवी दिली नाही, बघितलंही नाही. ती दारातनं बाहेर पडली आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागली. पोराचं ओरडणं कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं, नंतर नाही.

धोंडिराम आखाड्यात गुडघ्यावर तसाच.

"वस्ताद... मी मारलं न्हाई हो त्याला. निस्ता हात धरला. त्यानं पहिल्यांदा हात लावला, सोडवंना मला..."

वस्तादांनी चाळणीतले खडे बाजूला टाकले.

"परत पडतो मी. आत्ता पडतो. तिला हाक मारा. बघा, पडलो..."

तो खरंच पाठीवर पडला. हात पसरून पडला.

वस्तादांनी चाळणी भिंतीला टेकवली. हातावरची माती झाडली. आखाड्यात उतरून त्याच्या डोक्याशी उभे राहिले.

"ऊठ, पैलवान. कुस्ती मारलीस तू."