राजाने पाय टेकवला

एका राज्यात न्यायासन म्हणून झोपाळा होता. फिर्याद सुरू झाली की राजाने एक झोका घ्यायचा आणि झोपाळा आपसूक थांबेपर्यंत नुसतं ऐकायचं, अशी पूर्वजांची रीत. पण तरुण राजा वीरकेतूला धीर कुठला! एके सकाळी डोंगरावरचा मांत्रिक भृंगनाथ दरबारात आला. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच राजाने जमिनीला पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"हाकला याला!"

मांत्रिकाने फुंकर मारली. झोपाळ्यावर तुरेबाज कोंबडा उभा राहिला, आणि हुकूम सोडतच राहिला.

"मावळतीला याची माणसाची वाणी जाईल, ती कायमची," मांत्रिक म्हणाला. "सोडवायचं असेल त्याने माझ्या गुहेची तीन दालनं ओलांडावी."

राजकन्या कनकांगीला या भावावाचून जगात कुणी नव्हतं. तिने कोंबडा काखोटीला मारला आणि डोंगर चढली.

पहिल्या दालनात नागराज फणा काढून बसला होता.

"पळ!" कोंबडा ओरडला.

"पाय कापताहेत, घसा कोरडा पडलाय," कनकांगी स्वतःशी म्हणाली. "ही भीती. असू दे. मी भावासाठी आले आहे." आणि तिने हात जोडले. "नागराज, वाट द्यावी."

"पळणाऱ्यालाच मी डसतो," म्हणत नाग बाजूला झाला.

दुसऱ्या दालनात दिवंगत आईचा आवाज आला. "कनू, इथेच राहा गं माझ्यापाशी." कनकांगीच्या काळजात कळ उठली. "आठवण येते गं आई, फार येते," ती म्हणाली. रडू आलं ते तिने येऊ दिलं, आणि रडत रडतच पुढे चालत राहिली. दार उघडलं.

तिसऱ्या दालनात भृंगनाथ बसला होता, पुढ्यात नंगी तलवार.

"माझं मस्तक उडव. शाप याच क्षणी संपेल."

"उडव! उडव!" कोंबड्याला आता एवढाच शब्द सुचत होता.

कनकांगीची मूठ तलवारीवर आवळली. कानशिलं तापली. "हा राग," तिने ओळखलं. मग मनातल्या मनात तिने एक झोका घेतला, तो आपसूक थांबू दिला, आणि तलवार खाली ठेवली.

"आमच्या घरची रीत ऐकून घेण्याची आहे, नाथजी. सकाळी आपलं वाक्य अर्धं राहिलं. ते पुरं करावं."

मांत्रिक सांगू लागला. "राजबागेच्या कारंज्यासाठी माझ्या डोंगराचा झरा वळवला. इथली पाखरं तहानेने..." त्याला पुढे बोलवेना.

बाहेर सूर्य मावळतीला टेकला होता. कनकांगीचा जीव कासावीस झाला, पण सकाळी ऐकून घेतलं नव्हतं ते भावाने; त्याच्या वतीने तिला बोलता येत नव्हतं. कोंबड्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मांत्रिकाकडे. तुरा खाली झुकला.

"मग?" त्याने हळूच विचारलं. "पुढे काय झालं?"

आणि सगळी पिसं गळून पडली! मांत्रिकासमोर राजा मांडी घालून बसला होता. कनकांगी रडता रडता हसू लागली.

दुसऱ्याच दिवशी डोंगराला झरा परत मिळाला. पाखरांचे थवेच्या थवे दरबारात शिरले आणि त्यांनी असा कलकलाट मांडला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. प्रधानजींनी कान झाकले. राजा मात्र झोपाळ्यावर हसत बसला होता, शेवटचं पाखरू बोलून दमेपर्यंत.