दारात छाटलेली मुळे

पूर्वी वेणुवती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पाकशाळेत मुख्य आचारी होता. हात असा की साधे वरण केले तरी माणूस बोटे चाटीत उठे.

एके दिवशी सकाळच्या जेवणाला राजाने पहिला घास घेतला आणि तो थुंकून टाकला. जीभ पोळली, ओठांवर फोड आले. बाकी सारे चुलीवरून उतरलेले, वरून पेरलेली कोथिंबीर तेवढी कच्ची. मग काय, ती कोथिंबीर विकणारी भाजीवाली म्हातारी पुण्णिका धरून आणली गेली.

"माझ्या वाफ्यातलीच हो महाराज! स्वतःच्या हातांनी उपटली," ती आक्रोश करू लागली.

संतापलेल्या राजाला ऐकायचे नव्हते. "सूर्य माथ्यावर आला की हिला डोहात बुडवा," तो म्हणाला.

बोधिसत्त्व पाकशाळेत धावला. परातीत उरलेल्या कोथिंबिरीचा सकाळी त्याने मूठभर उचलून वास घेतला होता आणि मान डोलावली होती. वास आताही अस्सलच येत होता. पण नाकाच्या भरवशावर एका बाईचा जीव चालला होता! त्याने परात उन्हात ओढली आणि काडी काडी वेगळी केली.

बहुतेक पाने पातळ, कडेला कातरलेली, देठ बारीक. मधेच काही पाने मात्र जाडसर आणि तुकतुकीत होती. त्यांचा देठ चिमटताच आतून पोकळ निघाला, बोटाला पाणी लागले. ती पाने धुऊन चुरगाळली, तर वास नावालाही नाही. कोथिंबिरीच्या संगतीत राहून तिचा वास तेवढा त्यांना लागला होता. ही पाणथळीत उगवणारी विषारी वनस्पती होती.

पण ती आली कुठून? मातीचे काही उंबऱ्याच्या आत येऊ नये, असा त्या पाकशाळेचा रिवाज. जुड्यांची मुळे दारातच छाटून टाकीत. बोधिसत्त्वाने दाराजवळचा ढीग उपसला. आजची सगळी मुळे एकेरी, सरळ, फिकट, कोथिंबिरीचीच. पाणथळीतल्या त्या वनस्पतीचे झुपकेदार मूळ त्यात एकही नव्हते. म्हणजे ती म्हातारीच्या जुडीतून आलेली नव्हती.

मागे कोणीतरी हुंदका दिला. त्याचा मदतनीस नंदिसेन भिंतीला टेकून उभा होता.

"दादा, जुड्या कमी पडल्या. नदीकाठी तशीच दिसली, विळ्याने कापून आणली आणि परातीत मिसळली. मला मारतील हो!"

बोधिसत्त्वाने वर पाहिले. सूर्य माथ्यावर यायला थोडाच अवकाश होता. गप्प बसले तर तो आणि नंदिसेन दोघेही वाचत होते, म्हातारी तेवढी बुडाली असती. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून जग मोकळे झाले असते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने दोन्ही प्रकारची पाने उचलली आणि तो डोहाकडे पळत सुटला.

राजा काठावर उभा होता आणि म्हातारीच्या गळ्यात दगड बांधून झाला होता.

"थांबा! महाराज, ही बाई निर्दोष आहे. दोष माझा. नुसता वास घेऊन मी होकार दिला, डोळ्यांनी पाहिले नाही. कोथिंबिरीत हे विषारी पान मिसळले गेले, पण तिच्या जुड्यांच्या छाटलेल्या मुळांत याचे एकही मूळ नाही," म्हणत त्याने दोन्ही पाने पुढे धरली.

"तिला वाचवायला गोष्ट रचतोस!" राजा गरजला. "पानासारखे पान. यातले विष कोणते, ते दाखव."

दाखवायला एकच वाट होती. बोधिसत्त्वाने आधी कोथिंबीर चावली, जीभ बाहेर काढून दाखवली. मग ते तुकतुकीत पान तोंडात घातले आणि थुंकले नाही. काठावर जमलेली गर्दी पाहत होती. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, ओठ सुजले, जिभेवर फोड टरारून वर आले.

"दगड सोडा," राजा हळूच म्हणाला. मग त्याने विचारले, "मग हे पाकशाळेत आणले कोणी?"

बोधिसत्त्वाला बोलता येईना. पाकशाळेची जबाबदारी आपली, अशा खुणेने त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तेवढ्यात गर्दीतून नंदिसेन पुढे आला आणि राजाच्या पायांवर पडला. राजाने दोघांकडे पाहिले आणि दोघांनाही अभय दिले.

बोधिसत्त्वाच्या जिभेला पुन्हा कधी चव कळली नाही. मीठ बरोबर आहे का, हे पुढे आयुष्यभर नंदिसेनच त्याला सांगत असे.

एवढे सांगून विहारात ही कथा सांगणारे गुरू, म्हणजे शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची पुण्णिका म्हणजे विहारात पाणी भरणारी ही वृद्धा. राजा म्हणजे काल दुसऱ्याच्या चुकीसाठी तिच्यावर ओरडलेला तो उपासक. चूक कबूल करायला पुढे आलेला नंदिसेन म्हणजे कालची ती चूक करून इथे मान खाली घालून बसलेला भिक्षू कंकण. आणि आचारी मीच होतो. जीभ गेली तरी चालेल, पण ती खोटे बोलून वाचवू नये. या गुणाला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."